वरच्या मजल्यावरचा कौन्सिल फ्लॅट: तक्रार नेमकी कुणाकडे आणि कशी करायची? (लंडन)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथे यूकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारते. लिहिणं जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही पश्चिम लंडनमध्ये राहतो. बरोचं (लंडनच्या पालिका विभागाचं) नाव देत नाही, मराठी माणसांत कोण कुणाच्या ओळखीचं निघेल याचा नेम नसतो. चार मजली जुनी कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, इमारत आहे, साठच्या दशकातली. उघड्या गॅलऱ्या, एकच जिना, लिफ्ट नाही. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. मूळ भाडेकरूने तो राइट टू बायमध्ये (कौन्सिलच्या भाडेकरूला राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क) विकत घेतला होता, त्याच्या मुलीकडून आम्ही घेतला. कौन्सिलच्या इमारतीत घेतलाच कशाला, असं विचारू नका. तेवढ्याच पैशात नव्या इमारतीत एक खोली आणि 'जिम' मिळत होती. इथे दोन ऐसपैस बेडरूम आहेत, स्वयंपाकघर वेगळं आहे आणि त्याला खिडकी आहे. फोडणी दिली की अलार्म वाजत नाही.

दुखणं आहे ते वरच्या फ्लॅटचं. तो अजून कौन्सिलचा आहे. गेल्या वसंतापासून तिथे रात्री अकराच्या पुढे वर्दळ सुरू होते. खालच्या दारावर येणारे पोरगे सगळ्यांचे बझर दाबत सुटतात, कुणीतरी वैतागून दार उघडेपर्यंत. रात्री दोनला आमचा इंटरकॉम कोकलतो. नाहीच उघडलं तर दाराला लाथा. दाराचं मॅग्नेटिक कुलूप कौन्सिल दुरुस्त करतं, ते पुन्हा मोडतं. जिन्यात गांजाचा वास, कोपऱ्यात लाफिंग गॅसचे ते मोठे सिलिंडर, आणि कधीकधी जे पायाखाली येतं ते लिहीत नाही. वर स्पीकर लागला की आमच्या देवघरातली घंटा आपोआप किणकिणते. कुणाचातरी कुत्रा गॅलरीत बांधून निघून जातात, तो रात्रभर रडतो.

मी नर्स आहे. लाँग डे असला की सकाळी साडेसात ते रात्री आठ, आणि मधेमधे नाइट्स. झोप न होता वॉर्डात औषधं मोजायची म्हणजे काय ते इथल्या नर्सबायकांना सांगायला नको.

सध्या सासूबाई मिरजेहून आल्या आहेत, सहा महिन्यांच्या व्हिजावर. रोज चालायला जाणारी बाई, पण एकटी खाली उतरत नाही. पोरगे पायऱ्यांवर पाय पसरून बसतात आणि पाय काढत नाहीत. एकदा त्यांतला एक काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, हसणं कळतं.

पोलिसांच्या १०१ वर (तातडी नसलेल्या तक्रारींचा नंबर) फोन केला, ते म्हणाले ही कौन्सिलची बाब. कौन्सिल म्हणतं, ड्रग्ज म्हणजे पोलिसांची बाब. ऑनलाइन फॉर्म भरला, रेफरन्स नंबर आला. पुढे काय झालं विचारलं तर 'डेटा प्रोटेक्शनमुळे सांगता येत नाही'. मिरजेत असते तर सोसायटीच्या चेअरमनच्या दारात जाऊन बसले असते. इथला चेअरमन म्हणजे नुसता ई-मेल पत्ता.

नवरा म्हणतो नादाला लागू नकोस, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज करायचाय, उगाच आपलं नाव पोलिसांच्या कागदावर नको. खरंच असं काही असतं का? तक्रार कुणी केली हे वरच्याला कळतं का? आणि कौन्सिल त्याला कधी बाहेर काढणार? आम्ही हप्ता भरायचा, वर सर्व्हिस चार्ज भरायचा, आणि हा फुकटात राहून धिंगाणा घालणार, हे काही डोक्यात बसत नाही. सासूबाई रोज म्हणतात, 'मी वर जाऊन खडसावून येते, मराठीतच.' त्यांना थोपवून धरलंय.

गुरुजी_इन_सरे

विकून मोकळे व्हा. कौन्सिल ब्लॉकमध्ये ही माणसं असायचीच. आम्ही दोन बेडरूमच्या मोहात न पडता झोन सहाच्या बाहेर, लंडनच्या वेशीपलीकडे आलो, आज शांत झोपतो. ट्रेनला वेळ जातो, पण डोक्याला ताप नाही.

जिन्याखालचा

गुरुजी, सगळ्यांना सरे परवडत नाही हो.

ताई, मी हाउसिंग असोसिएशनमध्ये (कमी भाड्याची घरं देणारी संस्था) एएसबीचं, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना होणाऱ्या उपद्रवाच्या तक्रारींचं, काम करतो. तुमच्या बरोत नाही, लंडनबाहेर. जिन्याखाली उभं राहून लोकांची गाऱ्हाणी ऐकणं हाच माझा धंदा, म्हणून हे नाव.

आधी नवऱ्याची भीती. तक्रार करणाऱ्याचा व्हिजा, आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी), सिटिझनशिप, कशावरही तक्रारीमुळे परिणाम होत नाही. अर्जात तुमचं वागणं बघतात, शेजाऱ्याचं नाही. सांभाळायचं एवढंच की उलट तक्रार होईल असं काही करू नका. काठीने छत ठोकणं, जिन्यात आरडाओरडा, त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरणं, हे नको. तुमचं नाव कौन्सिल स्वतःहून सांगत नाही. पण खालच्याच घरातून तक्रार आली हे कळायला डोकं लागत नाही, तेव्हा पहिल्याच ई-मेलमध्ये लिहा की सूडाची भीती वाटते. ते नोंदवलं गेलं की जोखीम तपासणं त्यांच्यावर येतं.

दुसरं, वरचा फ्लॅट कौन्सिलचाच आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? १९८० च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये राइट टू बायखाली वीस लाखांच्या आसपास घरं विकली गेली. लंडनमध्ये त्यांतली कितीतरी आज खाजगी मालकांनी भाड्याने दिलेली आहेत. 'कौन्सिलवाले' म्हणून ज्यांच्या नावाने लोक खडे फोडतात ते बऱ्याचदा खाजगी मालकाचे भाडेकरू निघतात. लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवर ७ पौंड भरले की त्या फ्लॅटची मालकी दिसते. लीजहोल्डर (लांब मुदतीच्या लीजवर फ्लॅट विकत घेतलेला) निघाला तर रस्ता वेगळा, मग कौन्सिल फ्रीहोल्डर, म्हणजे इमारतीचा मूळ मालक, म्हणून त्याला लीजच्या अटी दाखवतं. कौन्सिलचा भाडेकरू असेल तर रस्ता टेनन्सीचा. हे माहीत नसेल तर तुमचं पत्र चुकीच्या टेबलावर आठवडेच्या आठवडे पडून राहतं.

तिसरं, काय लिहायचं आणि काय गाळायचं. साउथवर्कच्या कौन्सिल भाडेकरूंचं एक प्रकरण १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं होतं. निकाल असा की शेजारी रोजचं साधं जगणं जगत असेल, चालत असेल, टीव्ही बघत असेल, संडासची साखळी ओढत असेल, आणि भिंती पातळ म्हणून तुम्हाला ऐकू येत असेल, तर तो कायद्याच्या अर्थाने उपद्रव नव्हे. म्हणून तक्रारीत 'पावलांचा आवाज येतो' असं एक जरी वाक्य घातलंत तर अधिकारी सगळीच तक्रार त्या खणात टाकतो. तुमच्याकडे त्याहून भक्कम माल आहे. अकरानंतरचं संगीत, अनोळखी लोकांनी बझर दाबणं, मोडलेलं दार, जिना अडवणं, गांजा. एवढंच लिहा.

आणि लिहा म्हणजे खरंच लिहा. रुग्णाच्या चार्टवर लिहिता तसं. तारीख, सुरू किती वाजता, थांबलं किती वाजता, कुठल्या खोलीत ऐकू आलं, त्याने काय झालं. 'फार त्रास झाला' याला किंमत नाही. '१.४० ते ३.१५, बेडरूम, सकाळी साडेसातची ड्यूटी, झोप नाही' याला आहे. बहुतेक कौन्सिलं दोन आठवड्यांची डायरी मागतात. नॉइज ॲप वापरत असतील तर त्यात छोटी रेकॉर्डिंगं थेट पाठवता येतात.

आवाज हे एन्व्हायर्न्मेंटल हेल्थचं खातं, १९९० चा कायदा. जिना, टोळकं, दार हे हाउसिंगच्या एएसबी टीमचं. ड्रग्ज पोलिसांचं. तिघांना वेगवेगळं लिहा, पण प्रत्येक पत्रात बाकी दोघांचे रेफरन्स नंबर टाका. एकमेकांकडे बोट दाखवायची सोय त्याने बरीच कमी होते.

एक बारकावा लोकांना कुणी सांगत नाही. 'रिपोर्ट' आणि 'कम्प्लेंट' या इथे दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याबद्दल सांगणं म्हणजे रिपोर्ट. कौन्सिलने त्यावर काही केलं नाही हे सांगणं म्हणजे कम्प्लेंट. ई-मेलच्या विषयातच 'स्टेज वन कम्प्लेंट' लिहा. पोच दिल्यापासून दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पटलं नाही तर स्टेज टू, त्याला वीस. तिथेही समाधान नाही झालं तर हाउसिंग ओम्बड्समन (घरांच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र निवाडेकार). फुकट आहे आणि तुमच्यासारख्या कौन्सिलच्या लीजहोल्डरलाही चालतो.

शिवाय एएसबी केस रिव्ह्यू. जुने लोक याला कम्युनिटी ट्रिगर म्हणतात. २०१४ च्या कायद्यात आहे. सहा महिन्यांत तीन तक्रारी, प्रत्येक घटनेनंतर महिन्याच्या आत केलेली, एवढं दाखवलंत की कौन्सिल, पोलिस, आरोग्यखातं आणि घरमालक संस्था यांना एकत्र बसून तुमची फाइल उघडावीच लागते. फोन केलेत ते मोजायला तुमच्याकडे नंबर आहेत ना? शोधून ठेवा.

बाहेर काढणं ही शेवटची पायरी. सिक्युअर टेनन्सी (कौन्सिलची कायमची भाडेदारी) असेल तर कोर्टाशिवाय कुणाला हलवता येत नाही. आधी इशारा, मग नीट वागण्याचा लेखी करार, मग इंजंक्शन (कोर्टाचा मनाई हुकूम), मग घराचा ताबा. वेळ लागतो. खोटी आशा दाखवत नाही.

आता मला सांगा, भाडेकरू कोण आहे? त्याला स्वतःला शेवटचं कधी पाहिलंत? आणि वर जाऊ नका. सासूबाईंनाही पाठवू नका.

दोन_पोरांची_आई

मी कौन्सिलची भाडेकरू आहे. 'ही माणसं' म्हणजे मी. नमस्कार गुरुजी.

कृष्णाकाठची, तुझा त्रास खरा आहे, पण फुकटात कुणी राहत नाही गं. मी दर आठवड्याला भाडं भरते, कौन्सिल टॅक्स भरते, शाळेच्या किचनमध्ये नोकरी करते. भाडं बाजारापेक्षा कमी आहे हे खरं. इंग्लंडमध्ये साधारण सहातलं एक कुटुंब असं राहतं. ती सगळी जिन्यात बसून गांजा ओढत नाहीत.

मला हे घर कसं मिळालं ते इथे सांगत बसणार नाही. नवऱ्याच्या घरातून एक बॅग आणि दोन पोरं घेऊन निघाले, रेफ्युजमध्ये (घरातल्या छळातून निघालेल्या बायकांचा आसरा) राहिले, मग टेम्पररी ॲकोमोडेशन, म्हणजे तात्पुरती जागा. एका खोलीत तिघं. हॉटेल म्हणतात त्याला, पण कुणी सुट्टीला जाईल असं ते नसतं. तिथून इथे यायला वर्षं गेली.

आल्यावर पहिली तक्रार कुणाविरुद्ध झाली? माझ्याविरुद्ध. खालचा फ्लॅट विकत घेतलेल्या जोडप्याने. पोरं पळतात आणि 'दिवसातून अनेकदा स्फोटासारखा आवाज येतो'. तो आवाज म्हणजे कुकरची शिट्टी. हाउसिंग ऑफिसर घरी आली, मी तिच्यासमोर डाळ लावली, तिने शिट्ट्या ऐकल्या आणि फाइल बंद केली. तेव्हा ते १९९९ चं प्रकरण मला माहीत नव्हतं, नाहीतर फ्रेम करून लावलं असतं.

पण एक सांगते. तुझ्या जिन्यात आहेत तसे पोरगे माझ्याही ब्लॉकमध्ये होते. त्यांची सगळ्यांत जास्त भीती आम्हा भाडेकरूंनाच असते, कारण आम्हाला विकून सरेला जाता येत नाही. दुसरं घर मागायचं तर पुन्हा रांग. तुझ्या जिन्यातल्या बाकीच्या दारांवर टकटक कर. तुला वाटतं तू एकटीच जागी असतेस. त्या सगळ्या जाग्या असतात, बोलत नाहीत.

दादरचा_रिकामटेकडा

मी मुंबईतून वाचतोय, मला यातलं काही कळत नाही. पण आमच्या इमारतीत असं झालं तर आम्ही थेट नगरसेवकाच्या ऑफिसात जातो. त्याचा माणूस येतो आणि काम होतं. किंवा होत नाही, पण चहा मिळतो. तुमच्याकडे नगरसेवक नसतात का?

आणि सासूबाईंना पाठवाच. मिरजेचा आवाज आहे.

जिन्याखालचा

रिकामटेकडे, चेष्टेत लाखमोलाचं बोललात. ताई, वॉर्डाच्या कौन्सिलरला लिहा. बहुतेक वॉर्डांना दोन-तीन असतात, त्यांची 'सर्जरी' असते, म्हणजे ठरलेल्या दिवशी लायब्ररीत वगैरे बसून लोकांना भेटतात. कौन्सिलरने विचारलं की ती मेंबर्स एन्क्वायरी (लोकप्रतिनिधीची अधिकृत विचारणा) होते आणि तिचं उत्तर ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं. आमच्या ऑफिसात असं पत्र आलं की लोक जेवण सोडून फाइल शोधतात. चहा मात्र मिळत नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. दोन_पोरांची_आई, 'फुकटात' हा शब्द मागे घेते. झोपेशिवाय माणूस काहीही लिहितं. कुकरचं वाचून आमच्या स्वयंपाकघरात हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, त्या बाईला माझ्याकडून लाडू पाठव.

लँड रजिस्ट्री बघितली. त्या फ्लॅटवर वेगळं लीज नोंदलेलं नाही, म्हणजे कौन्सिलचाच.

भाडेकरूबद्दल विचारलंत. साठी उलटलेला एकटा गोरा माणूस आहे. काठी घेऊन चालतो. आम्ही राहायला आलो तेव्हा जिन्यात भेटला की 'ऑल राइट, लव्ह?' म्हणायचा, एकदा माझी पिशवी वर आणून दिली, स्वतःला धड चढता येत नसताना. पूर्वी त्याच्या घरातून फक्त रेसिंगच्या कॉमेंट्रीचा आवाज यायचा. आता तो दिसतच नाही. परवा नाइट संपवून येत होते, सकाळचे साडेआठ, थंडी. तो हायस्ट्रीटवर बसथांब्यावर बसलेला. बस आली, गेली, हा चढला नाही. पायात चपला. मी हात केला तर मान खाली घातली. मला वाटलं, पोरांचा हाच म्होरक्या, लाजला असेल.

जिन्याखालचा

ताई, थांबा. हे सगळं चित्रच वेगळं आहे.

एकटा, वयस्कर किंवा आजारी भाडेकरू. अचानक तरुण पोरांची रात्रंदिवस ये-जा. भाडेकरू स्वतः घराबाहेर, भलत्या वेळी, थंडीत, घरच्या चपलांवर. याला आमच्याकडे ककूइंग म्हणतात. ड्रग्ज विकणारे अशा माणसाशी आधी गोड बोलतात, उसने पैसे देतात, एखादी रात्र राहू दे म्हणतात, आणि मग त्याच्याच घरातून धंदा चालवतात. मूळ माणूस भीतीने गप्प. कधी एका खोलीत कोंडलेला, कधी रस्त्यावर. तक्रारी मात्र त्याच्या नावावर जमा होतात आणि शेवटी टेनन्सीही त्याचीच जाते. हे मी खात्रीने म्हणू शकत नाही, लांबून कुणीच म्हणू शकणार नाही. पण असा संशय घ्यायला एवढी लक्षणं पुरे आहेत.

आता शब्द बदला. 'वरच्या मजल्यावर आवाज' असं सांगू नका. कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअरला सेफगार्डिंगचा (असहाय माणसाच्या संरक्षणाचा) फॉर्म भरा. शेजारीही भरू शकतो. त्यात 'ककूइंगचा संशय' हे शब्द घाला आणि बसथांब्याचा प्रसंग तारीख-वेळेसकट लिहा. केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे त्यांना चौकशीचं बघावं लागतं. पोलिसांत १०१ ऐवजी वॉर्डाच्या सेफर नेबरहुड्स टीमला (वॉर्डाचं स्थानिक पोलिस पथक) हेच शब्द. नाव द्यायचं नसेल तर क्राइमस्टॉपर्स (निनावी माहिती घेणारी संस्था), ०८०० ५५५ १११. समोर मारहाण दिसली तर ९९९, तिथे विचार करू नका.

आणि क्लोजर ऑर्डरबद्दल विचारा. २०१४ च्याच कायद्यात आहे. पोलिस किंवा कौन्सिल मॅजिस्ट्रेटकडे जातात आणि घर तीन महिन्यांपर्यंत बंद करता येतं, वाढवून एकूण सहा. पण अशा प्रकरणात पार्शल क्लोजर मागतात. म्हणजे भाडेकरू आत राहू शकतो, बाकी कुणी पाऊल टाकलं तर गुन्हा. आवाजाची केस महिनोन्महिने रेंगाळते, ही त्या मानाने पटकन हलते.

गुरुजी_इन_सरे

माहिती चांगली आहे. तरी व्यवहाराचं बोलतो. विकायचं असेल तर या लेखी तक्रारी पुढे आडव्या येणार. खरेदीदाराला सगळं सांगावं लागतं असं ऐकलंय. म्हणजे तक्रार न करणंच शहाणपणाचं?

कागदोपत्री

कन्व्हेयन्सिंगमध्ये (घराच्या खरेदी-विक्रीचे कायदेशीर कागद) काम करते म्हणून मधे तोंड घालते. टीए६ नावाचा फॉर्म असतो, विकणाऱ्याने भरायचा. त्यात शेजाऱ्यांशी वाद, तक्रारी आणि 'पुढे वाद होऊ शकेल असं काही' हे सगळं विचारतात. म्हणजे लेखी तक्रार नसली तरी रात्री दोनचा बझर तुम्हाला माहीत आहे, तो लपवला तर खरेदीदार नंतर चुकीची माहिती दिली म्हणून दावा लावू शकतो. आणि त्याला कळणारच, पहिल्याच शनिवारी. उलट 'प्रश्न होता, कौन्सिलने अमुक कारवाई केली, ही पत्रं' असं दाखवता आलं तर निदान बोलणी होतात. तक्रार न करून फॉर्म काही कोरा राहत नाही.

कृष्णाकाठची

थोडं कळवते, बरेच जण मेसेजमध्ये विचारत होते.

सेफगार्डिंगचा फॉर्म भरला, कौन्सिलरला लिहिलं. दोन_पोरांच्या_आईचं ऐकून दारं वाजवली. तळमजल्यावरची सोमाली बाई तीन मुलं घेऊन राहते, तिच्याकडे मोडलेल्या दाराचे फोटो होते, तारखांसकट. समोरच्या पोलिश जोडप्याने म्हणे तीनदा कळवलं होतं आणि त्यांनाही तेच डेटा प्रोटेक्शनचं उत्तर आलं होतं. सगळ्यांचे रेफरन्स नंबर एका कागदावर घेतले. केस रिव्ह्यूचा अर्ज स्वीकारल्याचं पत्र आलंय.

पोलिस आणि सोशल वर्कर येऊन गेले. वर काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. खालच्या दाराला आता लोखंडी पट्टी आणि नवं कुलूप आहे. कुत्रा नेला. रात्रीची वर्दळ एरवीच्या दिवशी कमी झाली आहे, शनिवारी अजून असते. घंटा अजून किणकिणते. तो माणूस परत दिसायला लागलाय, बारीक झालाय. 'ऑल राइट' काही म्हणत नाही. सासूबाईंनी जिन्यात त्याच्या हातात डब्यातून शिरा दिला. मी कामावर होते, नंतर कळलं. चिडले, पण डबा धुऊन दारात ठेवलेला होता.

पुढच्या आठवड्यात हाउसिंग ऑफिसर घरी येणार आहे आणि माझा एक प्रश्न आहे. मी कामावर असताना दिवसाचं काय चालतं ते सासूबाईंनी वहीत लिहून ठेवलंय. अगदी वेळेसकट, कोण आलं, किती जण, काळी टोपी, लाल सायकल. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय. पण सगळं मराठीत, मोडकं-तोडकं नव्हे, चांगलं वळणदार. हे चालतं का? की मी इंग्रजीत नव्याने उतरवून माझ्या नावाने द्यावं? आणि त्या महिनाअखेरीस परत जाणार आहेत, मग त्याचा उपयोग काय?

जिन्याखालचा

तुमच्या नावाने मुळीच देऊ नका. जिने पाहिलं तिच्याच नावाने, तिच्याच भाषेत. दिवाणी कोर्टाचा नियमच आहे की साक्षीदाराचं निवेदन त्याच्या स्वतःच्या भाषेत हवं, सोबत इंग्रजी भाषांतर. ऑफिसरला वहीची फोटोकॉपी आणि भाषांतर द्या, मूळ वही तुमच्याकडे. जायच्या आधी सासूबाईंनी पानांवर सही आणि तारीख करावी. त्या मिरजेत असल्या तरी इंजंक्शन वगैरे दिवाणी प्रकरणात ऐकीव पुरावा म्हणून तो वापरता येतो, वजन थोडं कमी धरतात. आणि शनिवारची नोंद तुम्ही थांबवू नका. रिव्ह्यू झाला की लोक डायरी सोडतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

दोन_पोरांची_आई

भाषांतर मी करून देते. रेफ्युजमधल्या बायकांसाठी करायचे. कोर्टात गेलं तर मात्र त्यांचा माणूस लागेल. लाडू वेगळे पाठव.

कृष्णाकाठची

पाठवते. अडचण एकच आहे, त्याच वहीत मधेमधे भाजीचा हिशोब आहे. '१०.२०, चौघं वर गेले, एकाकडे काळी बॅग', आणि खाली 'मेथी दीड पौंड, लूट आहे'. ती पानं वेगळी काढू का?

जिन्याखालचा

एकही पान फाडू नका. मेथीसकट द्या.